अंड्याचा खरा भाव : मस्कतमधल्या मराठी घराचा हिशेब

ओमानमध्ये येऊन दोन-तीन वर्षे झाली, की बऱ्याच मराठी घरांत एक बेत शिजायला लागतो. मुलांना पहाटेच्या शाळाबसमधून सोडवायचे आणि घरीच शिकवायचे. गुरुवारची हॉटेले बंद करून सगळे घरी रांधायचे. फ्लॅट सोडून अंगणाचा व्हिला मिळालाच, तर चार कोंबड्या पाळायच्या. बेतात वावगे काही नाही. पण त्याच्या शेवटी एक वाक्य हमखास येते, ‘शिवाय पैसेही वाचतील’, आणि ते मात्र आकड्यांवर घासून पाहावे लागते. पाहिले की तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. स्वयंपाकात पैसे वाचतात, पण आपण समजतो त्या जागी नाही. घरशाळेत ते वाचतात की जातात, हे तुम्ही कुठल्या शाळेची फी टाळता आहात यावर ठरते. कोंबड्यांत वाचत नाहीत.

आधी पैशाची ओळख. एका रियालचे हजार बैसा. रियाल १९८६ पासून डॉलरशी एकाच दराने बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे २.६० डॉलर. रुपयांत तो सव्वादोनशेच्या आगेमागे असतो आणि रुपया घसरला की वर जातो. खालचे भाव मस्कत परिसरातले आणि ढोबळ आहेत. दुकान, हंगाम आणि ऑफर यांप्रमाणे दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील. नवखा माणूस ‘तीनच तर रियाल’ आणि ‘बापरे, पावणेसातशे रुपये!’ यांच्यामध्ये झुलत राहतो. पगार रियालमध्ये आहे, तर घरखर्चही रियालमध्येच मोजा. रुपयांत फक्त गावी पाठवायची रक्कम मोजावी.

दुसरी गोष्ट कराची. ओमानमध्ये १६ एप्रिल २०२१ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे. तांदूळ, पीठ, भाजी, मासे, चिकन, अंडी अशा मूलभूत खाद्यपदार्थांवर तो शून्य आहे. हॉटेलच्या ताटावर मात्र लागतो.

स्वयंपाकघर

चौघांच्या घराचा, मिश्र आहाराचा, महिन्याचा किराणा ११० ते १३० रियालमध्ये नीट बसतो. धान्य, डाळी, पीठ आणि तेल यांना ३५, भाजी-फळांना ३०, दूध-दह्याला २०, मासे-चिकन-अंड्यांना २५, आणि मसाले, सुकामेवा, पोह्यांपासून साबुदाण्यापर्यंतच्या किरकोळीला दहा-बारा. गॅसचा मोठा सिलिंडर तीन-साडेतीन रियालला पडतो आणि दीड महिना सहज चालतो. लुलू, नेस्तो यांसारख्या हायपरमार्केटांत कोलम तांदूळ, तूरडाळ, ज्वारी-नाचणीचे पीठ, अगदी भगरसुद्धा मिळते. मस्कतच्या रुवी भागातल्या दुकानांत त्याहून अधिक. ज्वारीचे पीठ गव्हाच्या कणकेपेक्षा बरेच महाग पडते. म्हणून रोजची पोळी आणि आठवड्यातून दोनदा भाकरी, अशी वाटणी बहुतेक घरांत आपोआप होते.

याची तुलना डब्याशी करून पाहा. दोन वेळचा डबा माणशी ३० ते ४० रियाल. दोन मोठी माणसे आणि दोन मुलांचा मिळून एक डबा धरला तर १०५, त्यावर सकाळचा नाश्ता, दूध, फळे यांचे ४५. एकूण १५०. म्हणजे घरच्या स्वयंपाकाने डब्याच्या तुलनेत वाचतात वीस-तीस रियाल, तेही रोज दोन-अडीच तास ओट्यापाशी उभे राहून. ज्या घरात दोघेही नोकरी करतात, त्यांनी डबा बंद केला म्हणून फार मोठी बचत झाली असे समजू नये. घरी विरजण लावण्याचेही तेच. लिटरभर दूध पाऊण रियाल, किलोभर दही त्याहून थोडे अधिक. दही घरी लावावे ते कवडी पडण्यासाठी, पैशांसाठी नव्हे.

खरी गळती आठवड्याच्या शेवटी असते. २०१३ पासून इथली साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवार आहे, त्यामुळे गुरुवारची रात्र आणि शुक्रवारची दुपार ही बाहेर जेवण्याची. चौघांचे साध्या भारतीय हॉटेलातले जेवण बारा रियाल धरा; तलाबात या अ‍ॅपवरून मागवले तर पोहोचवण्याचे वेगळे. महिन्यात आठ वेळा म्हणजे ९६ रियाल. तेच जेवण घरी चार रियालमध्ये होते, आणि त्यात मी सुरमई धरली आहे. किलोभर सुरमई हंगामात अडीच ते चार रियाल, एक नारळ, वाटीभर तांदूळ आणि गावाहून आणलेले कोकम. फरक महिन्याला ६४ रियाल, वर्षाला साडेसातशेच्या वर. घरच्या स्वयंपाकाची सगळी बचत या आठ जेवणांत आहे. बाकीचे दिवस कसे जेवता याने फार फरक पडत नाही.

मासे घ्यायला मत्रहचा बाजार उत्तम. समुद्राकाठी २०१७ मध्ये बांधलेल्या नव्या इमारतीत तो आता भरतो. कापून, साफ करून द्यायला वेगळे कट्टे आहेत आणि त्याचे थोडे पैसे पडतात, ते द्यावेत. तारली आणि बांगडा सुरमईच्या पाव ते एक तृतीयांश किमतीत मिळतात, आणि कोकणातल्या माणसाला तारलीचे महत्त्व सांगायला नको. एक तारीख लक्षात ठेवा : दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात ओमानमध्ये सुरमईच्या मासेमारीवर बंदी असते. श्रावणाचा उत्तरार्ध, गणपती, पितृपक्ष आणि बहुधा नवरात्रसुद्धा यात येते, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच घरांना या बंदीचा पत्ताच लागत नाही.

घाऊक भाजीबाजार पूर्वी मवालेहला होता. तो २०२४ मध्ये बरक्याजवळच्या खझाईनला गेला. रुवी किंवा दार्सैतहून जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर अंतर पडते, म्हणजे सव्वादोन-अडीच रियालचे पेट्रोल. कांदे-बटाटे-टोमॅटोच्या पेट्या तीन-चार घरांनी मिळून आणल्या तरच हा फेरा परवडतो. एकट्याने जाऊ नका, टोमॅटो सडतात.

भारतातून येताना गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, कोकम, कुळथाचे पीठ आणावे. इथे मिळतात, पण महाग आणि बेताचे. खसखस आणू नका. आखातातल्या अनेक देशांत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, आणि अनारशांसाठी विमानतळावर खुलासे देत बसण्यात अर्थ नाही. घरच्या हाताला चव आहे म्हणून डबे विकण्याचा विचार असेल, तर आधी परवान्याचे पाहा. ‘ओळखीच्यांनाच देतो’ हा बचाव इथे चालत नाही.

घरशाळा

इथे आकड्यांच्या आधी कायदा वाचावा लागतो. ओमानचा शालेय शिक्षण कायदा २०२३ मध्ये शाही फर्मान ३१/२०२३ ने आला आणि त्याने मूलभूत शिक्षण सक्तीचे केले. भारताचा शिक्षणहक्क कायदा २००९ चा, सहा ते चौदा वयाचा. मुलाचे नाव शाळेतून काढण्यापूर्वी ओमानच्या शिक्षण मंत्रालयाला आणि भारतीय दूतावासाला तुमच्या कुटुंबापुरता प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ‘आमच्या ओळखीतले एक जण करतात’ हा आधार पुरेसा नाही. शाळेतून नाव काढताना दाखला घ्यायला विसरू नका. गावी परतल्यावर पुन्हा प्रवेश घेताना सगळे त्याच कागदावर अडते.

आता फी. ओमानमध्ये भारतीय समाजाच्या वीसेक शाळा आहेत, सगळ्या सीबीएसईच्या आणि एका संचालक मंडळाखाली. सर्वांत जुन्यांपैकी दार्सैतची इंडियन स्कूल मस्कत, १९७५ ची. या शाळा नफ्यासाठी नाहीत आणि फी त्या मानाने कमी आहे : इयत्तेप्रमाणे महिन्याला साधारण ३० ते ५० रियाल, बसचे पंधरा-वीस वेगळे. दोन मुलांचे पुस्तके, गणवेश, बस धरून वर्षाला १,२०० ते १,४०० रियाल होतात. ब्रिटिश किंवा अमेरिकी अभ्यासक्रमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेत एवढे पैसे एका मुलाच्या एका सत्रालाही पुरत नाहीत. तिथे एका मुलाचे वर्षाला काही हजार रियाल लागतात.

घरशाळेचा खर्च बहुतेक जण पुस्तकांपासून मोजायला सुरुवात करतात. तो सगळ्यांत लहान आकडा आहे. एनसीईआरटीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, ई-बालभारतीवर पहिलीपासूनची मराठी पाठ्यपुस्तके फुकट मिळतात, आणि ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक तिथेच वाचायला ठेवलेले आहेत. मराठी वाचायला लावण्यासाठी ‘किशोर’चे अंक पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतात, असे माझे मत आहे. प्रिंटर, शाई, कागद, वह्या, प्रयोगाचे किरकोळ सामान मिळून वर्षाला शंभर रियाल पुरे.

पैसे जातात ते दुसरीकडे. शाळेत मूल इतर मुलांबरोबर खेळते ते फीमध्येच येते. घरी ते विकत घ्यावे लागते. पोहणे, फुटबॉल, तबला, चित्रकला, काहीही घ्या, मुलामागे महिन्याला २५ रियाल. दोन मुले, दहा महिने, ५०० रियाल. आईवडिलांना न झेपणाऱ्या विषयांसाठी भारतातला ऑनलाइन शिक्षक तासाला दोन रियालच्या आसपास. आठवड्याला चार तास, चाळीस आठवडे, ३२० रियाल. इथल्या इथे घरगुती शिकवणी लावणार असाल तर ती देणाऱ्याकडे परवाना आहे का हे विचारा.

विजेचे कुणाच्या लक्षात येत नाही. मुले शाळेत असताना दिवसाचा एसी बंद असतो. घरी असली की एका खोलीचा दीड टनी एसी दिवसाला सहा तास जास्त चालतो. तासाला दीड युनिट, महिन्याचे बावीस दिवस, एप्रिल ते ऑक्टोबर सात महिने, म्हणजे जवळपास १,४०० युनिट. परदेशी रहिवाशांना युनिट वीस-पंचवीस बैशांना पडते, तेव्हा वर्षाचे तीसेक रियाल. रक्कम फार नाही, पण हिशेबात धरा.

सहलींचे १२० रियाल मी खुशीने धरते. घरशाळेचा ओमानमधला खरा नफा इथेच आहे. कुरुमचे मुलांचे विज्ञान संग्रहालय, जुन्या मस्कतमधले २०१६ चे राष्ट्रीय संग्रहालय, मनाहचे २०२३ मध्ये उघडलेले ‘ओमान अक्रॉस एजेस’, निझवाचा किल्ला, आणि २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेले फलज, म्हणजे डोंगरातले पाणी उताराने गावात आणणारे जुने पाट. सातवीच्या भूगोलात जे चार ओळींत उरकतात, ते फलजच्या कडेला उभे राहून तासभर पाहता येते. पेट्रोलचा भाव २०२१ च्या अखेरीपासून सरकारने बांधून ठेवला आहे, साधे पेट्रोल लिटरला २२९ बैसा. मस्कत ते निझवा आणि परत, सुमारे ३२० किलोमीटर, सहा-सात रियालमध्ये होते.

सगळे मिळून १,०७० रियाल. भारतीय शाळेच्या बाराशे-चौदाशेच्या तुलनेत बचत दीडशे ते तीनशे. आंतरराष्ट्रीय शाळेशी तुलना केली तर बचत हजारांत. म्हणून मुले भारतीय शाळेत असतील, तर पैशासाठी घरशाळा करू नका. दुसरी शंभर कारणे असू शकतात आणि ती योग्यही असतील.

यात मोठा आकडा अजून आलाच नाही. घरी शिकवायला कुणीतरी घरी लागते, आणि आपल्या समाजात ते कुणीतरी म्हणजे आई, हे गृहीत धरलेले असते. तिला इथे महिन्याला ३५० रियालची नोकरी मिळू शकत असेल, तर घरशाळेची किंमत वर्षाला ५,२७० रियाल आहे, १,०७० नव्हे. मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट अनेकांनी वाचली असेल : सातवीत शाळा सोडली, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये पदके मिळवली आणि २०१६ मध्ये दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राविना एमआयटीत गेली. तिला घरी शिकवण्यासाठी आईने नोकरी सोडली होती, हे त्या गोष्टीत एका वाक्यात येते. त्याच प्रमाणपत्राअभावी आयआयटीचे दार तिला बंद होते, हेही लक्षात ठेवावे.

तेव्हा परीक्षेची वाट आधी ठरवा, अभ्यासक्रम नंतर. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ ची केंद्र सरकारची संस्था. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे टप्पे आहेत, दहावीसाठी वय किमान चौदा लागते, पाच विषय घ्यावे लागतात, मराठी हा भाषाविषय म्हणून घेता येतो. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि वर्षातून दोनदा परीक्षा असते, त्यामुळे एकेक-दोनदोन विषय सोडवत जाता येते. घाई नसलेल्या मुलाला ही मोठी सोय आहे. परदेशातल्या विद्यार्थ्यांचे शुल्क डॉलरमध्ये आणि भारतातल्यापेक्षा बरेच जास्त असते, ते संकेतस्थळावरच्या चालू माहितीपत्रकात पाहावे.

दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाची, सतरा नंबरचा फॉर्म. बाहेरून दहावी-बारावीला बसणाऱ्यांना महाराष्ट्रात हा शब्द नवा नाही. अर्जाचे शुल्क हजार-अकराशे रुपये, म्हणजे पाच रियाल, आणि ते वाचून माणूस हुरळतो. पण परीक्षा केंद्र महाराष्ट्रात. लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक धरून महिना-दीड महिना गावी राहावे लागते, बरोबर एक पालक. दोघांची विमानाची तिकिटेच दीडशे ते तीनशे रियाल. आजीचे घर परीक्षा केंद्राजवळ असेल तर हा मार्ग स्वस्त, नाहीतर नाही. तिसरी वाट केंब्रिजच्या आयजीसीएसईची, जिथे विषयागणिक शुल्क लागते. सहा-सात विषयांचे एकदम भरताना ते भारतीय शाळेच्या वर्षभराच्या फीला गाठते.

इंजिनिअरिंगचा विचार असेल त्यांनी आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी एनआयटींमध्ये असलेल्या राखीव जागांचे नियम नववीतच वाचावेत. त्या जागांना फी भारतातल्या विद्यार्थ्यांएवढीच असते, म्हणजे फायदा लाखांत आहे. बारावी कुठून आणि कशी झाली याच्या अटी वर्षागणिक बदलतात. चुकीच्या मंडळाने वाचवलेले तीनशे रियाल इथे फार महाग पडू शकतात.

कोंबड्या

कोंबडीचा सर्वांत मोठा खर्च जागेचा. फ्लॅटच्या गच्चीत कोंबड्या ठेवता येत नाहीत. इमारतीचा मालक आणि बलदिया, म्हणजे इथली पालिका, दोघेही आडवे येतात. वस्तीतले पशुपक्षी पालिकेच्या आरोग्य नियमांत येतात, त्यामुळे व्हिल्याच्या कुंपणाआतही आधी बलदियाला विचारावे आणि घरमालकाकडून भाडेकरारावर लिहून घ्यावे. मबेला किंवा बरक्याकडचा लहान व्हिला आणि घुब्र्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट यांच्या भाड्यात महिन्याला ८० रियालचा फरक सहज पडतो. तो आकडा आठवणीत ठेवा, परत लागणार आहे.

पाच कोंबड्या धरू. अंड्यांवरची संकरित कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते. पाच जणींचे वर्षाला २२० किलो. लेअरचे खाद्य पन्नास किलोच्या पोत्याला नऊ रियाल धरले तर चाळीस रियाल. जाळीचे, छपराचे खुराडे ८० रियालला होते आणि चार वर्षे टिकते, म्हणजे वर्षाला वीस. अंड्यावर आलेली तलंग तीन रियालला. दोन वर्षांनी अंडी घटतात, म्हणून बदलीचे साडेसात. पंख्याची वीज पाच, आणि औषध, लस, शिंपल्यांचा चुरा, खाली घालायचा भुसा यांचे आठ. एकूण ऐंशी रियाल.

अंडी किती? थंड हवेत आणि चांगल्या निगराणीत अशी कोंबडी वर्षाला २५० ते ३०० अंडी देते. मस्कतमध्ये २०० धरा. पाच जणींची हजार. म्हणजे घरचे अंडे पडले ८० बैशांना. दुकानात तीस अंड्यांचा ट्रे एक रियाल ८०० बैशांच्या आसपास, अंडे ६० बैशांना. वर्षाचा तोटा वीस रियाल. मोकळ्या कोंबड्यांची म्हणून वेगळी विकली जाणारी महाग अंडीच तुम्ही घेत असाल, तर उलट थोडा नफा होईल.

संकरित नको, गावठी हवी, असे वाटणे साहजिक आहे. गावठी कोंबडी वर्षाला ६० ते १०० अंडी देते आणि वरचेवर खुडूक बसते. खाते थोडे कमी, पण अंडे दीडशे बैशांच्या खाली येत नाही. रश्श्यासाठी पाळायची असेल तर गोष्ट वेगळी.

दोनशे अंडी का, याचे उत्तर उन्हात आहे. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासातून वाफ बाहेर सोडून अंग थंड करते. हवा दमट असली की वाफ उडत नाही. पाऱ्याने तिशी ओलांडली की तिचे खाणे कमी होते, मग अंडी कमी होतात, टरफल पातळ होते. चाळिशीच्या पुढे, दमट दुपारी, ती मरूही शकते. ओमानच्या किनाऱ्यावर तर रात्रही मदतीला येत नाही. मस्कतच्या आग्नेयेला असलेल्या कुरियातमध्ये २६ जून २०१८ ला चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. सर्वाधिक किमान तापमान म्हणून त्याची जगभर नोंद झाली. तेव्हा खुराडे भिंतीच्या सावलीत, पूर्व-पश्चिम लांब आणि दोन्ही बाजूंनी उघडे करावे. पत्र्यावर खजुराच्या झावळ्यांचा जाड थर टाकावा. गावांतून झावळ्या फुकट मिळतात आणि त्यांच्यासारखे छप्पर विकतही मिळत नाही. खाद्य पहाटे आणि दिवस मावळल्यावर. पाणी दिवसातून तीनदा बदलायचे, दुपारी त्यात बर्फाची बाटली. टाकीचे पाणी थेट दिले तर जूनमध्ये ते चहाएवढे गरम असते.

सलालाहच्या लोकांना उन्हाचा वरचा परिच्छेद गाळता येईल. जूनअखेर ते सप्टेंबर तिथे खरीफ असतो, धुके आणि रिमझिम, पारा पंचविशीच्या आसपास.

लशीचे सोडू नका. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, आली की पाचही जातात. पिल्ले घेताना लस झाली आहे का हे विचारावे आणि पुढची मात्रा पशुवैद्याकडून घ्यावी. भारतातून पिल्ले किंवा उबवायची अंडी सामानातून आणायची नाहीत. बर्ड फ्लूमुळे पक्ष्यांच्या आयातीवर कडक निर्बंध असतात. खुराड्याची जाळी बारीक हवी, कारण मांजर आहे, आणि कावळाही. आपल्याकडचा गावकावळा आणि साळुंकी या दोघांनी ओमानमध्ये एवढे बस्तान बसवले आहे, की पर्यावरण प्राधिकरणाला त्यांची संख्या घटवण्याच्या मोहिमा काढाव्या लागतात. उघड्यावरचे अंडे कावळा ठेवत नाही.

आता कुणी न धरणारा खर्च. आपण वर्षातून एकदा गावी जातो, आणि जातो ते जून-जुलैत, म्हणजे कोंबड्यांना सर्वांत जास्त लक्ष लागते तेव्हा. शेजारी भला असेल तर प्रश्न नाही. पैसे देऊन माणूस ठेवायचा, तर दिवसाला दीड रियालप्रमाणे चाळीस दिवसांचे ६० रियाल. अंडे ८० बैशांवरून १४० वर गेले. आणि व्हिला केवळ कोंबड्यांसाठी घेतला असेल, तर भाड्यातला फरक वर्षाला ९६० रियाल. मूळच्या ऐंशीत तो मिळवा, एका अंड्याला १ रियाल ४० बैसा पडतील. केवळ कोंबड्यांसाठी कुणी व्हिला घेत नाही हे खरे, पण ‘अंगण हवे’ म्हणताना त्या अंगणाचे भाडे कुठल्या खात्यात टाकायचे, हे नवरा-बायकोने आधी ठरवून घ्यावे.

एक गोष्ट मात्र पदरात पडते. उरलासुरला भात, कोबीची पाने, कलिंगडाची साल, पालकाचे देठ सगळे खपते आणि खाद्याचे थोडे पैसे वाचतात. हिरवट बटाट्याच्या साली, न शिजवलेली कडधान्ये आणि खारट काही घालू नये. कोंबडखत सहा महिने कुजवून कढीपत्त्याला आणि शेवग्याला घाला. दोन्ही झाडे इथे छान येतात, आणि शेवग्याच्या शेंगा बाजारात नेहमीच महाग असतात.

एवढे वाचूनही कोंबड्या घ्यायच्या असतील, तर एप्रिलमध्ये घेऊ नका. ऑक्टोबर सरल्यावर घ्या, म्हणजे त्यांना आणि तुम्हाला थंडीचे पाच महिने शिकायला मिळतील. पाच नकोत, तीनच घ्या. चौघांच्या घराला त्या पुरतात. कोंबडा घेऊ नका, अंड्यासाठी तो लागत नाही आणि पहाटे शेजारी तक्रार करतील. आणि जून ते सप्टेंबर अंड्यांचा ट्रे दुकानातून आणायची तयारी ठेवा.